कोमट मांजर

३ डिसेंबर

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच बाजूला टाकाल, म्हणून नमस्कार-चमत्कार न करता आधी प्रश्न विचारते. तुमच्या लहानपणी घरात मांजर होतं का?

हसू नका. थंडी पडल्यापासून मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारते आहे. तुमचे दादा असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. ते गेले, आणि त्या घरातलं लहानपण ठाऊक असलेलं माणूस आता तुम्हीच एक उरलात. आई आहेत, पण त्यांनाच तर मांजर हवं आहे.

पावसाळ्याच्या शेवटी आई न्हाणीघरात पडल्या. मोडलं काही नाही, पण तेव्हापासून डोक्यातल्या गोष्टींच्या जागा बदलल्यात. दिवसा बऱ्या असतात. समोरच्या शिवणवाल्या काकू आपलं मशीन आमच्या पुढच्या खोलीत आणून बसतात. त्यांना उजेड मिळतो आणि आईंना सोबत. दोघी मिळून दिवसभर अख्ख्या आळीची उणीदुणी काढतात. रात्री मात्र दिवा मालवला रे मालवला की हाक येते, "मांजर आण गं."

मी म्हणते, आई, आपल्याकडे मांजर नाही. त्या म्हणतात, "आहे तर. पायाशी दे." जरा वेळाने परत, "मांजर भरलंस का?" मला वाटलं त्याचं पोट भरलं का विचारताहेत. म्हटलं, भरलं हो, झोपा आता. तर म्हणाल्या, "मग त्याचं तोंड घट्ट बंद कर." आता ह्यावर माणसाने काय बोलावं? पहाटेपर्यंत हेच. त्यांचे पाय बर्फ झालेले असतात, मोजे घातले तर काढून टाकतात, तिसरं पांघरूण घातलं तर ओझं होतं म्हणतात. हवं ते एकच.

शेवटी परवा मी हात टेकले. काकूंचा एक बोका आहे, बोकोबा म्हणतात त्याला, चांगला उशीएवढा. तो मागून आणला आणि आईंच्या पायाशी पांघरुणात सरकवला. मग आईंनी पायाने चाचपून पाहिलं आणि किंचाळल्या, "अगं बाई! ह्याला पाय कुठून आले?" बोकोबा उडाला तो कपाटावर, आई भिंतीला चिकटल्या, आणि मी दोघांच्या मधे. माझ्या मनगटावर अजून ओरखडे आहेत. काकूंनी सांगून टाकलंय की बोका पुन्हा मिळणार नाही.

मी अजून बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीतच बसते. दिवसभर साऱ्या जगाला उत्तरं देते आणि घरी एका म्हातारीच्या प्रश्नापुढे आ वासून उभी राहते. तुमच्याकडून दुसरं काही नको. या, असंही म्हणत नाही. दादा गेले तेव्हा तुम्ही आला होतात, दारातच उभ्या राहिलात, आई म्हणाल्या "आता कशाला आलीस?" आणि तुम्ही आल्या पावली फिरलात. मी तिथेच होते. ते तुम्हा मायलेकींचं आहे, मी त्यात पडत नाही. मला फक्त झोप हवी आहे हो. मांजराचं काय ते कळवा.

तुमची वहिनी


१४ डिसेंबर

वन्सं,

कार्ड मिळालं. ना मायना ना सही, तरी मिळालं.

खिडकीतच वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की समोर उभा असलेला प्रवासी रागावला. त्याला वाटलं, त्यालाच हसते आहे. गरम पाण्याची पिशवी! रबरी पिशवी, तिला करड्या लोकरीचं कव्हर, म्हणून मांजर. भरायचं ते पाणी आणि घट्ट करायचं ते बूच. आणि मी मेली बोक्याचे ओरखडे मिरवत हिंडते आहे.

येताना औषधांच्या दुकानातून लाल रंगाची पिशवी आणली. तुम्ही लिहिलंत तसंच केलं. पाणी उकळून जरा निवू दिलं, पिशवी अर्ध्याहून थोडी वर भरली, छातीशी दाबून हवा काढली, पाणी तोंडाशी आलं की बूच फिरवलं, उलटी करून गळत नाही ना पाहिलं. दादा गेल्यापासून एखादी गोष्ट इतकी मन लावून मी केली नव्हती. आईंच्या पायाशी ठेवली. त्यांनी पाय लावला, काढला, आणि ढकलून दिली. "हे सोललेलं कशाला आणलंस?"

सोललेलं! मग तुमचं कार्ड परत काढून शेवटची ओळ वाचली: "नुसती पिशवी ती घेणार नाही." चौकशीच्या खिडकीतली बाई मी, लोक पाटी न वाचता विचारतात म्हणून दिवसभर वैतागते, आणि स्वतः चार ओळींचं कार्ड धड वाचत नाही.

करडी लोकर म्हटल्यावर घरात एकच वस्तू होती. दादांचा स्वेटर. कोपरात विरलाय, पण बाकी धडधाकट. काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, बाही कापली की पिशवीच्या मापाची होईल, शिवण दोन मिनिटांची. मी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही उद्या बघू म्हटलं. मग ती थंडी आली, नळाचं पाणी हाताला चावत होतं तो दिवस, आणि रात्री आईंनी विचारलं, "मी काय केलं गं तुझं? मांजर का देत नाहीस?" सकाळी उठून बाही कापली. कापताना मी रडले. काकू कधी भेटल्या तर तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते.

आता आई पिशवी घेतात, पण वरच्या टोकाला हात लावून विचारतात, "कान?" आणि झोपत नाहीत. कान कसे होते? शेपूट होती का? चित्र काढून पाठवलंत तरी चालेल. लवकर कळवा. कामावर जरा गडबड झाली आहे, पण ती तुम्हाला सांगून काय करायचं?

वहिनी


२३ डिसेंबर

वन्सं,

आई झोपल्या.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते, पण मग म्हटलं, ज्या माणसामुळे झोपल्या त्याला नीट तरी सांगावं. तुमच्या चित्राबरहुकूम कान शिवले, एक ताठ आणि एक पडका. पडका का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मागे वेणीसारखी गुंफलेली शेपूट, पिशवी वाळत टांगायला. काकू म्हणाल्या, "आयुष्यभर ब्लाऊज शिवले, म्हातारपणी मांजर शिवायची वेळ आली." आईंनी अंधारात ते हातात घेतलं, आधी ताठ कान चाचपला, मग पडका, आणि म्हणाल्या, "हं. हेच." पाय त्यावर टेकवले आणि बोलता बोलता घोरायला लागल्या.

मी तशीच बसून राहिले. इतक्या दिवसांनी घरात नुसता घोरण्याचा आवाज होता. मग मीही आडवी झाले आणि सकाळी काकूंनी दार वाजवलं तेव्हाच उठले. वन्सं, मी देवाधर्माची बाई नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण सकाळी ती पिशवी रिकामी करून खिळ्याला शेपटीवर टांगली तेव्हा तिला मनापासून हात जोडावेसे वाटले. जोडलेही. गार पाणी पोटात घेऊन बिचारी रात्रभर पडून होती.

आता तुमच्या चित्राखालच्या ओळींबद्दल. "मांजर नेहमी दादाकडे असायचं. माझ्याकडे यायचं तेव्हा त्यातला जीव गेलेला असायचा, नुसतं कोमट. लहानपणी सगळंच तसं होतं, पुढेही तसंच राहिलं. तेव्हा त्या मांजराचं कौतुक मला सांगू नका." वाचलं. तुम्ही घर सोडलंत तेव्हा आईंना म्हणाला होतात, "तुझं गरम ते दादाला, उरलेलं मला." दादांनी मला सांगितलं होतं. मला तेव्हा वाटलं, बोलण्यातलं बोलणं आहे. खरंच गरम आणि कोमट असेल हे कुठे माहीत होतं?

दादांच्या वतीने मी काही बोलत नाही. ते असते तर त्यांनी अर्धी लोकर तुम्हाला देऊ केली असती, आणि मग ती द्यायची विसरले असते.

गडबडीचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लपवते आहे. झोप नव्हती त्या दिवसांत खिडकीवर एक कुटुंब आलं, लेकरंबाळं, सामान. शेवटची गाडी कुठे लागते विचारलं. मी म्हटलं, डावीकडे. आता खिडकीतली माझी डावी म्हणजे समोरच्याची उजवी. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात, नेहमी समोरच्याची बाजू सांगायची. मी माझी सांगितली. गाडी गेली आणि ते सगळे रात्रभर बाकावर कुडकुडत बसले. त्यांनी तक्रार लिहिली, आणि बरोबरच केलं. आगारप्रमुखांनी बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर खिडकी सोडावी लागेल. ह्या वयात मला दुसरी खिडकी कोण देणार?

पण आता झोप मिळते आहे. निभेल.

वहिनी


६ जानेवारी

वन्सं,

निभत नाही आहे. खरं तेच लिहिते.

आई झोपतात, पण मधेच उठतात. उठून पायाशी वाकतात, मांजर ओढून घेतात, स्वतःच्या गालाला लावतात, मनगटाला लावतात आणि हाक मारतात, "बारके, ए बारके. घे." मी म्हणते, आई, तुमच्याच पायाशी राहू दे. तर त्या उशीला टेकून बसून राहतात. कुणी घेईपर्यंत आडव्या होत नाहीत. थंडीत पाठ उघडी, हातात ती पिशवी, आणि "बारके, घे." शेवटी एका रात्री मी म्हटलं, "आण." घेतली.

त्यांनी विचारलं, "ऊब आहे ना गं?"

म्हटलं, आहे.

"भाजत नाही ना?"

म्हटलं, नाही.

"मग झोप." आणि झोपल्या.

तेव्हापासून रोज मी बारकी होते. तुम्हाला राग येईल, पण रोज तुमच्या नावाने ओ देते. मला स्वतःलाच विचित्र वाटतं. तुम्ही इतक्या वर्षांत त्यांना ओ दिली नाहीत आणि मी तुमच्या आवाजात देते, म्हणजे चोरीच की. पण मी तरी काय करू? एकदा उठले की मला पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी पहिल्या पाळीला खिडकी उघडायची असते.

आणखी एक. मागच्या पत्रात मुद्दामच लिहिलं नव्हतं. नोव्हेंबरातच मी एका संस्थेत आईंचं नाव घातलं आहे. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, जागा स्वच्छ आहे, बायका मायेने बोलतात. तेव्हा जागा नव्हती. आता निरोप आलाय, महिनाअखेरीला एक खाट रिकामी होते आहे. काकूंना सांगितलं तर त्यांनी मशीन थांबवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्हाला विचारते आहे असं समजू नका. तुम्ही लेक असलात तरी हा भार माझ्यावर आहे आणि निर्णय मीच घेईन. पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये एवढ्यासाठी लिहिलं. मी वाईट आहे असं तुम्हाला वाटलं तर वाटू द्या. मला फार झोप येते आहे, ह्यापलीकडे मला काही वाटेनासं झालंय.

वहिनी


१५ जानेवारी

वन्सं,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि एक विचारायची आहे. विचारायची ती शेवटी.

रविवारी संस्थेत जाऊन खाट बघून आले. खिडकीशी आहे, दुपारचं ऊन येतं. देखरेख करणाऱ्या बाईंनी सगळं नीट दाखवलं. मी विचारलं, रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी देता येईल ना? त्या म्हणाल्या, "नाही हो. अंथरुणात गरम काही ठेवू देत नाही आम्ही. कुणाला भाजलं तर जबाबदारी आमच्यावर. जाड ब्लँकेट देतो ना." त्यांचं काही चुकीचं नाही. मी मान डोलावली. गाडीत बसले आणि डोळ्यांसमोर तेच, आई उठून बसल्या आहेत, पायाशी चाचपताहेत, आणि त्या लांबलचक खोलीत कुणालाच मांजर म्हणजे काय ते माहीत नाही. कुणीतरी बिचारी खरंच मांजर शोधायला जाईल.

दुसरी गोष्ट परवाची. संध्याकाळी मी ओट्यापाशी पिशवी भरत होते आणि आई स्टुलावर बसल्या होत्या. त्या दिवशी बऱ्या होत्या, भाजी निवडून दिली होती. मी बूच लावलं तसं म्हणाल्या, "दे बघू." पिशवी उलटी केली, बुचाभोवती बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग मनगटाला लावून म्हणाल्या, "हे अजून बारकीचं नाही झालं."

मी विचारलं, बारकीचं म्हणजे?

त्या जसं बोलल्या तसंच लिहिते, माझं काही घालत नाही.

"एकदा घाई होती मला. बूच नीट बसलं नव्हतं. हिच्या पायाशी ठेवलं आणि गेले कामाला. केवढी होती, एवढीशी. कळवळून रडायला लागली तेव्हा धावत आले. डाव्या टाचेवर सगळं पाणी. कातडीच निघाली गं. रडून रडून निळी पडली पोर. तिला सांगू नकोस हं. जन्मखूण आहे म्हणून सांगितलंय मी. मोठी झाली की सांगेन."

मी म्हटलं, मग?

"मग काय. मग आधी थोरल्याकडे द्यायचं. तो दणकट, त्याला काही होत नाही. त्याच्याकडे जरा निवलं, गळत नाही ना कळलं, की मग हिच्याकडे. कुरकुरते ती, कोमट देतेस म्हणून. कुरकुरू दे."

आणि मला म्हणाल्या, "डाळीला फोडणी दे, जळेल ती." म्हणजे संपलं. नंतर विचारलं तर त्यांना काहीच आठवेना.

वन्सं, म्हणजे तुमचे दादा हे आईंचं निव्वळ थर्मामीटर होते. आयुष्यभर घरातला लाडका म्हणून तुमच्या शिव्या खाल्ल्या त्यांनी, आणि काम काय, तर तुमच्यासाठी मांजर निववायचं. त्यांना हे कळलं असतं तर खो-खो हसले असते. मी एकटीच हसले, आणि मग हसू काही थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

आता विचारायचं ते. आईंचं डोकं आज इथे तर उद्या तिथे असतं. कधी दुसऱ्याच्या लेकीची गोष्ट आपली म्हणून सांगतात. तेव्हा तुम्हीच सांगा. तुमच्या डाव्या टाचेवर खूण आहे का?

वहिनी


३० जानेवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं समजून रोज पेटी उघडते. नसेल, तरी तसंच समजते.

कदाचित खूण नसेल. कदाचित असेल आणि तुम्हाला हे ऐकायचं नसेल. इतकी वर्षं एक राग सांभाळला, तो असा एकाएकी कुठे ठेवायचा? मला कळतं. मला कुणी येऊन सांगितलं असतं की तुझा अमुक राग खोटा, तर मी आधी सांगणाऱ्यावरच चिडले असते. मी तुम्हाला हे लिहायलाच नको होतं की काय, असंही वाटतं. पण आई "मोठी झाली की सांगेन" म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्याकडून आता ते होणार नाही.

संस्थेला आज नको म्हणून कळवलं. रिकाम्या खाटेसाठी आणखी कुणी ताटकळत असेल, त्यांची सोय झाली. मी फार थोर वगैरे आहे म्हणून नव्हे. दिवसभर पेंगते, पाय सुजतात, खिडकीत बसल्या बसल्या हातावर "समोरच्याची डावी" असं पेनाने लिहून ठेवते. आगारप्रमुखांनी ते वाचलं आणि निघून गेले. माझी दया आली असणार. पण आईंना मांजराशिवाय पाठवायचं, ते माझ्याच्याने होईना. एवढंच.

थंडी अजून ओसरत नाही. आपली काळजी घ्या.

वहिनी


११ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड. "डावी नाही. उजवी."

बाकी कोरं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. मग पर्समध्ये ठेवलं, मग परत काढलं. खिडकीपुढे रांग होती, एक म्हातारबाबा विचारत होते, "बाई, गाडी कुठल्या बाजूला लागते?" आणि मी नुसत्या हातानेच बाजू दाखवली.

वन्सं, उजवीच असणार. तुम्ही पाळण्यात होता, नाहीतर अंथरुणावर, पाय आईंकडे करून. त्या समोरून बघत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला आलेली टाच, तिला त्या डावीच म्हणणार. ही चूक मला कुणी समजावून सांगायला नको. तिच्यापायी माझी नोकरी जात होती.

संध्याकाळी घरी जाऊन आईंजवळ बसले. म्हटलं, आई, बारकीचं पत्र आलंय. त्या म्हणाल्या, "काय म्हणते?" म्हटलं, बरी आहे. त्या म्हणाल्या, "थंडी आहे ना गं तिच्याकडे?" म्हटलं, असेल. मग बराच वेळ शेपटीशी चाळा करत बसल्या आणि म्हणाल्या, "पडका कान तिनेच केला. चावून चावून." मला हे माहीत नव्हतं. तुम्हीही लिहिलं नव्हतंत.

आता मी स्पष्टच बोलते, कारण इतकी पत्रं आडून आडून लिहिली. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, या असं म्हणत नाही. ते खोटं होतं. तेव्हाही म्हणायचं होतं. मी थकले आहे वन्सं, हाडापर्यंत थकले आहे, आणि दोन-चार रात्री कुणीतरी दुसऱ्याने ओ द्यावी असं मला वाटतं. पण नुसतं तेवढ्यासाठी बोलवत नाही.

रोज रात्री आई मांजर आधी स्वतःच्या पायाशी घेतात. थोरला नाही, म्हणून आता थोरल्याचं काम त्याच करतात. मधे उठतात, गालाला लावून बघतात, मनगटाला लावून बघतात, आणि बारकीला देतात. घ्यायला कुणी नसतं म्हणून मी घेते. इतकी वर्षं ह्या घरात आहे, मला मांजर कुणी दिलं नव्हतं. माझ्या पायाशी येतं तेव्हा ते बरोबर तुमच्या वाट्याचं असतं. तुम्ही लिहिलं होतंत की त्यातला जीव गेलेला असायचा. तसं नाही हो. गरम नसतं हे खरं. पण पाय टेकवला की दचकायला होत नाही, सवय करून घ्यावी लागत नाही, एकदम आपलंच वाटतं. आधी मला पुन्हा झोप लागत नसे. आता लागते. इतकी चांगली लागते की सकाळी अपराध्यासारखं होतं, कारण ती ऊब माझ्यासाठी नसते. दुसऱ्याच्या नावाची वस्तू किती दिवस वापरायची?

शनिवारी दुपारच्या गाडीने निघालात तर दिवेलागणीला पोचाल. उतरलात की चौकशीची खिडकी तुमच्या उजव्या हाताला. नीट लिहिते आहे, तुमच्याच उजव्या. मी तिथे असेन. जेवणं होतील, मी पाणी तापवेन, बूच तुमच्यादेखत लावेन, उलटं करून दाखवेन. तुमचं अंथरूण आईंशेजारी घालेन आणि मी पुढच्या खोलीत काकूंच्या मशीनजवळ झोपेन.

मध्येच आई उठतील आणि हाक मारतील. मग विचारतील, भाजत नाही ना? इतके दिवस मी सांगत आले. ह्या वेळी तुम्ही सांगा.

वहिनी